‘राखीव’ आणि ‘सज्ज’ : नेटवर्क स्विचमधील सुपरवायझर मॉड्यूलच्या पर्यायी व्यवस्थेची चिकित्सा (शीळफाटा परिसरातील घटनांच्या विशेष संदर्भात)

सारांश

मोठ्या नेटवर्क स्विचमध्ये नियंत्रणाचे काम करणारे सुपरवायझर मॉड्यूल बंद पडल्यास त्याची जागा घेण्यासाठी दुसरे मॉड्यूल बसविले जाते. हे दुसरे मॉड्यूल किती तयारीत राहते, यावरून पर्यायी व्यवस्थेचे वेगवेगळे मोड ठरतात. प्रस्तुत लेखात या मोडचे स्वरूप, त्यामागील गृहीतके आणि त्यांच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे. ‘पर्यायी व्यवस्था उपलब्ध आहे’ हे विधान अपुरे असून नोंदलेला मोड आणि प्रत्यक्षात चालू असलेला मोड यांतील अंतर हाच चिकित्सेचा खरा विषय आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे. त्यासाठी ठाणे, कळवा, महापे व शीळफाटा या पट्ट्याशी संबंधित असलेल्या २०१८, २०२० आणि २०२१ या वर्षांतील तीन घटनांचा आधार घेतला आहे.

बीजसंज्ञा : सुपरवायझर मॉड्यूल, पर्यायी व्यवस्था, आरपीआर, एसएसओ, सामाईक कारण, शीळफाटा.

प्रस्तावना

जुना मुंबई-पुणे रस्ता, कल्याणकडून येणारा रस्ता आणि महापेकडे जाणारा रस्ता ज्या ठिकाणी एकत्र येतात, ते ठिकाण म्हणजे शीळफाटा. उरण येथील बंदराकडे जाणारी अवजड वाहने, कल्याण-डोंबिवलीहून नवी मुंबईत नोकरीसाठी जाणारा वर्ग आणि ठाण्याहून पनवेलकडे होणारी वाहतूक येथे एकमेकांना छेद देते. याच परिसराच्या एका अंगाला कळव्याचे उच्चदाब वीज उपकेंद्र आहे, तर दुसऱ्या अंगाला महापे-ऐरोली पट्ट्यातील माहिती-तंत्रज्ञान उद्योग व डेटा सेंटर आहेत. रस्ता, वीज आणि माहिती या तिन्ही प्रवाहांचा सांधा येथे असल्यामुळे एका वाटेत अडथळा आला की दुसरी वाट कितपत उपयोगी पडते, या प्रश्नाचे उत्तर येथील रहिवाशांना पुस्तकाबाहेरही वारंवार मिळत असते.

संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात हाच प्रश्न ‘रिडंडन्सी’ या मथळ्याखाली येतो. तथापि अध्यापनात तो बहुधा व्याख्या आणि लाभांची यादी एवढ्यावर आटोपला जातो. ‘दोन असल्यास एक बंद पडला तरी चालते’ हे विद्यार्थ्याला समजते. परंतु दुसरा किती वेळात, कोणत्या माहितीसह आणि कोणाच्या निर्णयाने काम हाती घेतो, हे प्रश्न अनुत्तरित राहतात. या उणिवेची दखल घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संज्ञेची चिकित्सा

‘रिडंडंट’ या इंग्रजी शब्दाचा रूढ अर्थ ‘अनावश्यक’ असा आहे. आपल्याकडील साहित्यशास्त्रातही पुनरुक्ती हा दोष मानला गेला. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या माहितीच्या गणिती सिद्धांताने मात्र या दोषाला गुणाचे स्थान दिले. संदेशात काही अंश पुन्हा आला असेल, तरच वाटेत झालेली चूक ओळखता येते व दुरुस्त करता येते, हे त्यांनी दाखवून दिले. वेदपठणाच्या परंपरेत पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ आणि घनपाठ यांची जी योजना आहे, तिचे मर्मही हेच आहे. शब्द विशिष्ट क्रमाने उलटसुलट म्हटल्यामुळे एखादे अक्षर निसटले तरी ते तत्काळ ध्यानात येते. पुनरुक्ती येथे सौंदर्यासाठी नसून जतनासाठी आहे.

यंत्रांच्या बाबतीत जॉन फॉन नॉयमान यांनी १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात, बेभरवशाच्या घटकांपासून भरवशाची रचना कशी उभारता येईल, याचा विचार केला. घटकांची संख्या वाढविणे हा त्या विचाराचा एक भाग होता. त्या घटकांच्या परस्परसंबंधांची रचना हा दुसरा. व्यवहारात पहिला भाग स्वीकारला गेला आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष झाले. खरेदीच्या कागदपत्रांत ‘दोन नग’ असे लिहिले की भरवसा आपोआप दुप्पट होतो, ही समजूत त्यातूनच रूढ झाली.

मराठीत या कल्पनेसाठी ‘राखीव’, ‘पर्यायी’, ‘जोड’, ‘बदली’ असे शब्द वापरले जातात आणि कार्यालयीन बोलण्यात ‘बॅकअप’ व ‘स्टँडबाय’ हे शब्दही रुळले आहेत. या सर्वांत एक संदिग्धता आहे. गोदामात खोक्यात ठेवलेले यंत्र ‘राखीव’ असते आणि मुख्य यंत्राच्या शेजारी क्षणोक्षणी त्याची स्थिती टिपत असलेले यंत्रही ‘राखीव’च म्हटले जाते. संकटाच्या वेळी मात्र या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर पडते.

सुपरवायझर मॉड्यूल व त्याचे मोड

मोठा स्विच हा एकसंध डबा नसतो. एका चासिसमध्ये अनेक लाइन कार्ड बसविलेली असतात व प्रत्यक्ष तारा या कार्डांना जोडलेल्या असतात. कोणत्या मार्गाने माहिती पाठवावी याचे कोष्टक तयार करणे, शेजारच्या उपकरणांशी संवाद राखणे आणि संपूर्ण यंत्राचे नियमन करणे हे काम सुपरवायझर मॉड्यूल करते. लाइन कार्ड हे हात मानले, तर सुपरवायझर हा मेंदू आहे. म्हणून दोन सुपरवायझर बसविण्याची सोय केलेली असते. त्यांपैकी एक कार्यरत असतो, दुसरा प्रतीक्षेत असतो. सिस्को कंपनीची कॅटॅलिस्ट ६५०० ही १९९९ मध्ये बाजारात आलेली आणि पुढे महाविद्यालये, बँका व शासकीय कार्यालये यांत दीर्घकाळ वापरली गेलेली मालिका या दृष्टीने नमुना म्हणून घेता येते.

पहिला मोड ‘आरपीआर’ या नावाने ओळखला जातो. यात प्रतीक्षेतील सुपरवायझर अर्धवट सुरू झालेला असतो. मुख्य सुपरवायझर बंद पडला की दुसरा उरलेली तयारी पूर्ण करतो, लाइन कार्ड नव्याने सुरू होतात आणि सर्व जोडण्या एकदा तुटून पुन्हा जुळतात. या क्रियेला सुमारे २ ते ४ मिनिटे लागतात.

दुसरा मोड ‘आरपीआर-प्लस’ हा होय. यात दुसरा सुपरवायझर पूर्णपणे सुरू असतो आणि चालू मांडणीची प्रत त्याच्याकडे असते. लाइन कार्ड पुन्हा सुरू करावी लागत नाहीत. तथापि संवादाची चालू स्थिती त्याला ठाऊक नसते. शिकलेले मार्ग पुसले जातात व ते पुन्हा शिकावे लागतात. हा काळ साधारणपणे अर्धे ते एक मिनिट असतो.

तिसरा मोड ‘एसएसओ’ आहे. यात मांडणीबरोबरच जोडण्यांची चालू स्थितीही सतत दुसऱ्याकडे पोहोचविली जाते. त्यामुळे सत्तांतर शून्य ते तीन सेकंदांत होते. याला ‘एनएसएफ’ या सुविधेची जोड दिल्यास, नवा सुपरवायझर शेजाऱ्यांशी मार्गांची बोलणी पुन्हा करीत असताना लाइन कार्ड जुन्या कोष्टकानुसार माहिती पुढे पाठवीत राहतात. मात्र त्यासाठी शेजारच्या उपकरणांनी समजूतदारपणा दाखवून काही काळ संबंध तोडू नयेत, ही अट आहे. ओएसपीएफ या मार्गनियमासाठी असा सामंजस्याचा संकेत २००३ मध्ये आणि बीजीपीसाठी २००७ मध्ये प्रमाणित झाला. स्वतःची तयारी कितीही पूर्ण असली तरी शेजाऱ्याचे सहकार्य नसल्यास ती अपुरी ठरते, ही बाब येथे लक्षणीय आहे.

या तीन अवस्थांना मराठीत अनुक्रमे ‘राखीव’, ‘सज्ज’ आणि ‘समस्थित’ अशा वेगळ्या संज्ञा देणे इष्ट ठरेल. राखीव घटकाला काम दिल्यावर तो तयार होतो. सज्ज घटक तयार असतो पण त्याला चालू प्रसंगाची माहिती नसते. समस्थित घटकाला प्रसंगही ठाऊक असतो. तिघांना एकच नाव देणे म्हणजे प्रश्नपत्रिका न पाहिलेला, पाहिलेला आणि सोडवीत असलेला अशा तिन्ही विद्यार्थ्यांना ‘परीक्षार्थी’ म्हणून थांबण्यासारखे आहे.

नोंदलेला मोड आणि चालू मोड

या यंत्रणेतील सर्वांत बोधप्रद तपशील अध्यापनात सहसा येत नाही. कॅटॅलिस्ट ६५०० मध्ये एसएसओ चालण्यासाठी दोन्ही सुपरवायझरवर प्रणालीची एकच आवृत्ती असावी लागते. आवृत्त्या भिन्न असल्यास यंत्र थांबत नाही. ते निमूटपणे आरपीआर मोडवर उतरते. म्हणून स्थिती विचारल्यास यंत्र दोन वेगळ्या ओळी दाखविते : एक नोंदलेल्या मोडची आणि दुसरी प्रत्यक्षात चालू असलेल्या मोडची. दोन्ही ओळी जुळत असतील तर निश्चिंत राहावे. त्या जुळत नसतील, तर कागदावर तीन सेकंदांचे आश्वासन असले तरी प्रसंगी चार मिनिटांचा खंड पडणार, हे निश्चित समजावे.

यंत्राने दाखविलेला हा प्रामाणिकपणा संस्थांच्या कारभारात दुर्मीळ आहे. संस्था नोंदलेला मोड सांगतात. चालू मोड कोणता, हे प्रसंगच सांगतो.

गणिताची मर्यादा

दोन घटकांच्या उपयुक्ततेचे प्रचलित गणित असे आहे : प्रत्येक घटक ९९ टक्के वेळ चालू असेल, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता दहा हजारात एक. म्हणजे वर्षातील ८,७६० तासांपैकी सुमारे ५३ मिनिटे. हे गणित अचूक असले तरी ते दोन घटकांच्या बिघाडांचा परस्परांशी संबंध नाही, या गृहीतावर उभे आहे. बिघाडांपैकी एक दशांश बिघाड जरी दोहोंना एकाच कारणाने होत असले, तरी एकत्रित खंड वर्षाला सुमारे साडेनऊ तासांवर जातो. म्हणजे सामाईक कारणाच्या अल्पशा अंशाने दुसऱ्या घटकाचा बहुतेक लाभ नाहीसा होतो.

सुपरवायझरच्या बाबतीत अशी सामाईक कारणे उघड आहेत. दोघे एकाच चासिसमध्ये असतात, त्यांना वीज एकाच स्रोतातून येऊ शकते आणि दोघांवर एकच प्रणाली असते. समस्थित मोडमध्ये तर दोष अधिक सूक्ष्म होतो. कारण मुख्य घटकाची चुकीची मांडणीही तत्परतेने दुसऱ्याकडे पोहोचविली जाते. युरोपच्या एरियान-५ या अग्निबाणाचे ४ जून १९९६ रोजीचे पहिले उड्डाण याचे ठळक उदाहरण आहे. त्यात दिशा व गती सांगणारी दोन एकसारखी उपकरणे होती. दोन्हींवर तीच आज्ञावली होती व ती एकाच कारणाने बंद पडली. राखीव उपकरण तर मुख्य उपकरणाच्याही क्षणभर आधी बंद पडले होते.

शीळफाटा परिसरातील तीन दाखले

(अ) मुंब्रा बाह्यवळण, २०१८ : मुंब्रा बाह्यवळण रस्ता २०१८ मध्ये दुरुस्तीसाठी काही महिने बंद ठेवण्यात आला. अवजड वाहतूक ऐरोली, ठाणे, महापे व शीळफाटा या भागातील अन्य मार्गांवर वळविण्यात आली. पर्यायी मार्ग अस्तित्वात होते, यात शंका नाही. परंतु ते आधीच आपापल्या वाहतुकीने भरलेले होते. परिणामी वाहनांच्या लांबच लांब रांगा लागल्या. यावरून स्पष्ट होते की, स्वतःच्या कामात पूर्ण गुंतलेला पर्याय हा पर्याय नसतो. त्याची रिकामी क्षमता हीच त्याची खरी किंमत असते. नेटवर्कमध्येही दोन मार्गांवर सत्तर-सत्तर टक्के भार असल्यास एक तुटल्यावर दुसऱ्यावर एकशे चाळीस टक्के भार येतो, हे साधे गणित अनेकदा नजरेआड होते.

(आ) वीजपुरवठा खंडित होणे, २०२० : १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे व नवी मुंबई येथील वीजपुरवठा खंडित झाला. लोकल गाड्या जागीच थांबल्या. कोविडच्या काळात ऑनलाइन चाललेले वर्ग व परीक्षा यांवरही त्याचा परिणाम झाला. पडघे व पुणे या दिशांकडून कळव्याकडे येणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्या त्या सकाळी एकामागून एक अनुपलब्ध झाल्या आणि उरलेल्या खारघर बाजूच्या वाहिनीवर सर्व भार येऊन तीही बंद पडली. वाहिन्या एकाहून अधिक होत्या. मात्र त्यांतील काही आधीच बंद असताना व्यवस्था किती पातळ झाली आहे, याची जाणीव वेळेत कृतीत उतरली नाही.

याच प्रसंगी दुसरी संरक्षक व्यवस्थाही कसोटीस उतरली नाही. बाह्य जाळ्यात बिघाड झाल्यास मुंबईला त्यापासून अलग करून शहरातील वीजनिर्मितीवर चालू ठेवण्याची ‘आयलँडिंग’ची योजना १९८० च्या दशकापासून प्रसिद्ध होती. २०२० मध्ये शहरांतर्गत निर्मिती मागणीच्या मानाने अपुरी ठरली व ते बेट तगले नाही. योजना जेव्हा आखली गेली, तेव्हाची मागणी व निर्मिती यांचे प्रमाण पुढे बदलले होते. नोंदलेला मोड कायम होता, चालू मोड बदललेला होता. या घटनेमागे सायबर घातपात असल्याची शक्यता मार्च २०२१ मध्ये राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी मांडली, तर तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चुकीकडे निर्देश केला. कारण कोणतेही मानले, तरी पर्यायी व्यवस्थेबाबतचा निष्कर्ष बदलत नाही.

(इ) राष्ट्रीय शेअर बाजारातील खंड, २०२१ : २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे (एनएसई) व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबविण्यात आले. ते दुपारी ३ वाजून ४५ मिनिटांनी पुन्हा सुरू झाले आणि सायंकाळी ५ पर्यंत चालले. बाजाराने दोन वेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या अनेक वाहिन्या घेतलेल्या होत्या. तरीही दोन्ही कंपन्यांच्या वाहिन्यांत बिघाड झाला. वाहिन्यांच्या मार्गावरील रस्त्याचे खोदकाम व बांधकाम हे त्याचे कारण असल्याचे नंतर सांगण्यात आले. दोन कंपन्या, दोन करार आणि दोन देयके यांमुळे दिसणारे स्वातंत्र्य जमिनीखाली किती टिकते, हा प्रश्न त्यामुळे पुढे आला. त्या मार्गावरील खोदकाम देशातील प्रमुख शेअर बाजाराच्या व्यवहारापर्यंत पोहोचले.

याहून महत्त्वाची बाब पुढची आहे. वाहिन्या तुटल्या तरी मुख्य केंद्रातील काम चालू राहणे अपेक्षित होते. परंतु साठवण यंत्रणेने अपेक्षेप्रमाणे वर्तन केले नाही व जोखीम-नियंत्रणाची प्रणाली अनुपलब्ध झाली. म्हणजे प्रत जपण्यासाठी केलेल्या व्यवस्थेतील बिघाड मूळ प्रतीलाच भोवला. दूरच्या पर्यायी केंद्रावर व्यवहार हलविण्यात आले नाहीत. त्यामागील कारण नियामक ‘सेबी’ने विचारले. त्यानंतर मार्च २०२१ मध्ये सेबीने असा दंडक घातला की, महत्त्वाची प्रणाली बंद पडल्यास ३० मिनिटांच्या आत तो प्रसंग आपत्ती म्हणून घोषित करावा आणि घोषणेपासून ४५ मिनिटांत पर्यायी केंद्र कार्यान्वित करावे. या दंडकात यंत्रांच्या वेगाबरोबर माणसांच्या निर्णयालाही मुदत घातली आहे, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

निर्णयाचा प्रश्न

सुपरवायझरमधील सत्तांतर यंत्रच ठरविते. दोन मॉड्यूल परस्परांना ठरावीक अंतराने खूण पाठवितात; खूण थांबली की दुसरा पुढे येतो. यातही एक धोका आहे. मुख्य घटक जिवंत असूनही केवळ दोहोंतील दुवा तुटला, तर दोघेही स्वतःला मुख्य समजू लागतात. कॅटॅलिस्ट ६५०० मालिकेत २००७ च्या सुमारास दोन चासिस जोडून एक स्विच करण्याची जी सोय आली, तिच्यात अशी दुहेरी सत्ता ओळखण्याची स्वतंत्र तरतूद करावी लागली, ती याच कारणाने. घाईने केलेले सत्तांतर हे विलंबाइतकेच घातक असते.

संस्थांमध्ये मात्र घाईपेक्षा विलंबाचा दोष अधिक आढळतो. पर्यायी केंद्राकडे जाणे म्हणजे मुख्य केंद्राचे अपयश मान्य करणे, अशी भावना असते. शिवाय पर्यायी केंद्र पूर्ण कसोटीवर कधी चालविलेलेच नसल्यास तेथे जाण्याचे धैर्य होत नाही. म्हणून ज्या पर्यायाची नियमित चाचणी होत नाही, तो संकटात वापरला जात नाही. आणि वापरला जात नाही म्हणून त्याची उणीवही कळत नाही. हे दुष्टचक्र भेदण्यासाठी ठरवून, सूचना देऊन मुख्य घटक बंद करणे आणि घडणाऱ्या खंडाची घड्याळावर नोंद घेणे, एवढा एकच मार्ग उरतो.

शैक्षणिक संदर्भ

महाविद्यालयांच्या दृष्टीने हा विषय केवळ संगणक विभागापुरता नाही. प्रवेश, परीक्षा, ग्रंथालय आणि हजेरी या सर्वांचा आधार आता नेटवर्क आहे. खरेदीच्या अपेक्षापत्रात ‘पर्यायी व्यवस्था आवश्यक’ एवढेच लिहिल्यास पुरवठादार दोन सुपरवायझर देऊन अट पूर्ण करतो. त्याऐवजी चार प्रश्न विचारले जाणे आवश्यक आहे : पर्यायी घटकाला कोणती स्थिती ठाऊक असेल; सत्तांतराला किती वेळ लागेल; दोहोंमध्ये सामाईक काय आहे; आणि सत्तांतराचा निर्णय कोण घेईल. स्वीकृतीच्या वेळी चालू मोडची ओळ तपासणे व एक सुपरवायझर प्रत्यक्ष काढून पाहणे हे कागदोपत्री प्रमाणपत्रापेक्षा अधिक मोलाचे आहे. ही तपासणी विद्यार्थ्यांसमोर झाल्यास तेच उत्तम प्रात्यक्षिक ठरते.

याचा खर्चाशीही संबंध आहे. प्रत्येक ठिकाणी समस्थित मोड असण्याची गरज नाही. ग्रंथालयाच्या सूचीला चार मिनिटांचा खंड चालतो. ऑनलाइन परीक्षा चालू असताना तो चालत नाही. गरजेनुसार मोड निवडणे हाच विवेक होय. सर्वत्र सर्वोच्च मोड मागून देखभालीअभावी तो राखीव मोडवर उतरू देणे, हा निधीचाही अपव्यय आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, पर्यायी व्यवस्था ही वस्तू नसून अवस्था आहे. दुसरा सुपरवायझर, दुसरी वाहिनी वा दुसरा रस्ता ही वस्तू विकत घेता येते. त्याची सज्जता मात्र रोज राखावी लागते. २०१८ च्या घटनेत रिकाम्या क्षमतेचा, २०२० च्या घटनेत बदललेल्या प्रमाणाचा आणि २०२१ च्या घटनेत सामाईक वाटेचा व निर्णयाचा अभाव प्रकट झाला. तिन्ही ठिकाणी ‘दुसरे’ अस्तित्वात होते. ते कोणत्या मोडमध्ये आहे, ही विचारणा मात्र घटनेनंतर झाली. तंत्रशिक्षणाने ही विचारणा घटनेपूर्वी करण्याची सवय विद्यार्थ्यांना लावावी. कारण शीळफाट्याच्या कोंडीत अडकलेल्या रुग्णवाहिकेला किंवा परीक्षेच्या मध्यावर पडदा काळा झालेल्या विद्यार्थ्याला नोंदलेल्या मोडचा काहीच उपयोग नसतो.